सिनॅगॉगमधील स्त्रियांचा सहभाग

सिनॅगॉग हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. परंपरेनुसार तेथील सामूहिक प्रार्थनेस किमान दहा प्रौढ पुरुषांची गणपूर्ती (मिन्यान) आवश्यक असते. विशिष्ट वेळी पाळावयाच्या बहुतेक विधायक धर्माज्ञांतून स्त्रियांना सूट आहे. आणि ज्याच्यावर एखादे कर्तव्य बंधनकारक नाही, त्याला ते इतरांच्या वतीने पार पाडता येत नाही. या तत्त्वामुळे स्त्रियांना प्रार्थनेचे नेतृत्व करता येत नसे. तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाची स्थिती मात्र वेगळी आहे. सब्बाथच्या दिवशी वाचनासाठी पाचारण करावयाच्या सात व्यक्तींत स्त्रीचाही समावेश होऊ शकतो, हे तालमूद ग्रंथात तत्त्वतः मान्य केले असून, समुदायाच्या प्रतिष्ठेस्तव तिने वाचन करू नये, असे पुढे सांगितले आहे. म्हणजेच येथील निषेधाचे कारण स्त्रीची अपात्रता नसून लोकमर्यादा हे होते. आधुनिक सुधारकांच्या युक्तिवादास येथेच आधार मिळाला.

आशिया मायनरमधील स्मर्ना येथील एका प्राचीन ग्रीक शिलालेखात रूफीना या स्त्रीचा उल्लेख सिनॅगॉगप्रमुख असा आहे. हे पद प्रत्यक्ष अधिकाराचे होते की केवळ मानाचे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जर्मनीतील व्हर्म्स येथे १२१२-१३ मध्ये स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रार्थनादालन बांधण्यात आले. तेथील उरानिया (मृत्यू १२७५) ही स्त्रियांपुढे स्तोत्रे गात असे, असे तिच्या समाधिशिलेवर कोरलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात सुधारणावादी पंथाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. ब्रेस्लौ येथील धर्मगुरूंच्या परिषदेपुढे १८४६ मध्ये स्त्रियांना धार्मिक समानता देण्याची शिफारस करणारा अहवाल मांडण्यात आला. जर्मनीत १९३५ मध्ये रेगिना योनास यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९४४ मध्ये ऑश्‌व्हिट्स छळछावणीत त्यांचा अंत झाला. अमेरिकेत १९७२ मध्ये सॅली प्रीसँड या सुधारणावादी पंथाच्या धर्मगुरू झाल्या. मध्यममार्गी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये मिन्यानमध्ये स्त्रियांची गणना करण्यास अनुमती दिली आणि १९८५ मध्ये पहिल्या स्त्रीस धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

मुंबईत बेने इस्राएल समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनमधील वास्तव्यात परिचय झालेल्या उदारमतवादी ज्यू विचारांच्या प्रेरणेने १९२५ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ची स्थापना केली. सनातनी सिनॅगॉगमध्ये स्त्रीपुरुषांची स्वतंत्र आसनव्यवस्था व पुरुषांचीच गणपूर्ती आजही कायम आहे. तथापि काही सनातनी समुदायांत स्त्रियांची स्वतंत्र प्रार्थनामंडळे व तोरावाचने होतात.