तहानेचे ग्राही आणि वार्धक्य

ठरावीक रसायन किंवा ताण ओळखून पेशीला कामाला लावणारे प्रथिन म्हणजे ग्राही. डॉक्टरांच्या बोलण्यात रिसेप्टर. म्हातारपणी बरीचशी संप्रेरके रक्तात येतच राहतात. त्यांना ओळखणारे ग्राही, किंवा ग्राहीच्या मागे पेशीत चालणारी साखळी, मात्र मंदावते. केस पिकलेले दिसतात, हे दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यात, जिथे वर्धेपलीकडे तेलंगण आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली लागते, ते मे महिन्यात दिसू लागते.

तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका उन्हाच्या तडाख्यात येतो. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून ७०-७० पानांचे पुडे बांधायचे, ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. तोडायला धडधाकट माणसे जातात; पुडे बांधायला आजीही बसते. पारा ४५ अंशांच्या वर, पाण्याचा तुंबा हाताशी, आणि तरी पाणी घे म्हटले की उत्तर येते, "मले तहानच नाही लागली." हा हट्ट नव्हे. तिला खरेच तहान लागलेली नसते.

तहानेची नोंद घशात नव्हे, मेंदूत होते. अधश्चेतकाजवळच्या (हायपोथॅलॅमसजवळच्या) काही पेशी रक्ताचा दाटपणा सतत जोखत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी त्या आक्रसतात आणि दोन हुकूम सुटतात: पाणी पी, आणि मूत्रावाटे जाणारे पाणी अडव. दुसरा हुकूम व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडापर्यंत नेते. तिथल्या व्ही-२ ग्राहीला ते चिकटले की पेशींच्या पडद्यावर पाण्याच्या सूक्ष्म वाटा उघडतात आणि पाणी रक्तात परत शोषले जाते. अशा वाटांचे पहिले प्रथिन पीटर अ‍ॅग्री यांनी शोधले. त्यासाठी त्यांना २००३ साली नोबेल मिळाले.

म्हातारपणी दोन्ही हुकूम ढिले पडतात. पॅडी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली तरुण आणि सत्तरीच्या आसपासच्या निरोगी पुरुषांना २४ तास पाण्यावाचून ठेवले. वृद्धांचे रक्त जास्त दाट झाले, तरी त्यांना तहान कमी जाणवली आणि पाणी समोर ठेवल्यावरही ते कमी प्याले. गंमत अशी की त्यांचे व्हॅसोप्रेसिन कमी पडले नव्हते. हुकूम निघाला होता. मूत्रपिंड तो पुरता ऐकत नव्हते. भरीला घामाच्या ग्रंथी सुस्तावतात, आणि रोहिण्यांच्या भिंती ताठरल्याने रक्तदाब जोखणारे ताणग्राही उशिरा जागे होतात. पुडे बांधून झटक्यात उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे.

तहान लावणारा आणखी एक निरोप्या म्हणजे अँजिओटेन्सिन. त्याचा एटी-१ ग्राही मेंदूत आहे, रक्तवाहिन्यांत आहे, मूत्रपिंडातही आहे. बीपीची टेल्मिसार्टन ही गोळी याच ग्राहीची वाट अडवते. एरवी ती हृदय आणि मूत्रपिंड दोन्ही राखते. अंगातले पाणी आटलेले असताना मात्र गाळणीचा दाब टिकवायला मूत्रपिंडाला अँजिओटेन्सिनचाच आधार असतो आणि तोच आधार गोळीने काढून घेतलेला असतो. सोबत लघवी वाढवणारी गोळी असली तर धोका आणखी वाढतो. म्हणून उन्हाळा लागण्यापूर्वी गोळ्या डॉक्टरांना दाखवून घ्याव्यात. मनाने बंद करणे हा दुसरा अपघात.

याच ग्राहीचे नाव दीर्घायुष्याच्या संशोधनातही निघते. इटलीतील आरिएला बेनिग्नी यांच्या गटाने २००९ साली दाखवले की एटी-१ ग्राहीचा एक प्रकार जन्मतः नसलेले उंदीर सुमारे २६ टक्के जास्त जगतात. त्याआधी १९९३ मध्ये सिंथिया केनयन यांनी डॅफ-२ या एकाच जनुकातील बिघाडाने गोलकृमीचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढते हे नोंदवले; ते जनुक इन्सुलिनच्या ग्राहीच्या कुळातले निघाले. ग्राही थोडा बहिरा झाला की आयुष्य वाढते, असा मोह या निकालांनी पडतो. माणसाबाबत तसे म्हणता येत नाही. वाढसंप्रेरकाचा ग्राही निकामी असलेल्या इक्वेडोरमधील खुज्या लोकांत मधुमेह आणि कर्करोग फारच कमी आढळले, पण ते इतरांपेक्षा जास्त जगतात असे दिसले नाही. आणि तहानेच्या बाबतीतला बहिरेपणा तर सरळ जिवावर येतो.

वृद्धांत पाणी कमी पडल्याची खूण ओळखणेही अवघड. कातडी चिमटीत धरून सोडायची खूण लहान मुलांत चालते. आजीच्या हाताची कातडी एरवीही सावकाशच बसते. जीभ कोरडी, लघवी थोडी आणि गडद, बोलणे असंबद्ध, या खुणा त्यापेक्षा बऱ्या. मिठाची आंबील पाणी आणि क्षार दोन्ही देते. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. बाकीच्यांनी तहान लागली का हे विचारत बसू नये. दर काही पुड्यांमागे पेला हातात द्यावा.