तळाकडून वाढणारा बर्फ : एका कल्पनेचा इतिहास

ध्रुवीय हिमस्तर म्हणजे आकाशातून पडलेल्या हिमाचा थरावर थर साचून झालेला संचय होय, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. वरचा थर नवा व खालचा जुना, हा कालानुक्रम तिच्यावरच आधारलेला आहे. हिमस्तराच्या तळाशी पाणी गोठून बर्फ खालूनही वाढतो, असे मान्य केले म्हणजे या कालानुक्रमास मर्यादा पडते. म्हणून या कल्पनेचा इतिहास हा एका ऐतिहासिक साधनाच्या विश्वसनीयतेचाही इतिहास ठरतो.

तिचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. दाब वाढला असता पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, हे अनुमान जेम्स टॉमसन यांनी १८४९ मध्ये मांडले आणि त्यांचे बंधू विल्यम, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५० मध्ये ते प्रयोगाने सिद्ध केले. यावरून जाड बर्फाखाली शून्य अंशापेक्षा थंड पाणीही द्रवरूपात राहू शकते, हे उघड झाले. भूगर्भातून व घर्षणातून मिळणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक उष्णता बर्फातून वर निघून गेली, तर ते पाणी तळाला गोठते. १९६१ मध्ये योहानेस वीर्टमन यांनी हिमस्तरांच्या कडेजवळ आढळणाऱ्या दगडमातीचा उलगडा याच प्रक्रियेने केला.

प्रत्यक्ष पुरावा अंटार्क्टिकातील बर्ड स्थानकावर मिळाला. १९६८ च्या जानेवारीत तेथील वेधन २,१६४ मीटर खोलीवर तळास पोहोचले व तेथे पाणी आढळले. तळालगतच्या सुमारे ५ मीटर बर्फात गाळ होता, परंतु हवेचे बुडबुडे जवळजवळ नव्हते. साचलेले हिम दबून बर्फ होताना हवा आत कोंडली जाते. तीच येथे नसल्यामुळे हा बर्फ तळाच्या पाण्यापासून झाला असावा, असा निष्कर्ष गाऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये काढला.

व्होस्टोक येथे या भेदाचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तेथील सुमारे ४,२०,००० वर्षांचा हवामानवृत्तान्त ३,३१० मीटरपर्यंतच्या बर्फावर आधारलेला होता. ३,५३८ मीटरखालील बर्फ मात्र हिमाचा नसून खालच्या सरोवराचे पाणी गोठून झाला आहे, असे त्याच वर्षी दाखविण्यात आले. तो अधिक खोल असला तरी अधिक प्राचीन नव्हता.

पुढे २००८-०९ मधील विमानातून केलेल्या रडार-पाहणीच्या आधारे रॉबिन बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे प्रतिपादन केले की, पूर्व अंटार्क्टिकातील डोम ए परिसरात तळाच्या सुमारे २४ टक्के क्षेत्रावर असा बर्फ आहे. दरीच्या चढावर ढकलले गेलेले पाणी कमी दाबाखाली येते, त्याचा गोठणबिंदू वाढतो आणि ते गोठते. तथापि रडारमध्ये दिसणाऱ्या तत्सम आकृती तळावरील घर्षणाच्या कमीअधिकपणामुळे बर्फास घड्या पडूनही निर्माण होऊ शकतात, असे नंतरच्या गणिती प्रतिमानांनी दाखविले.

तेव्हा रडार विस्तार दाखविते. उत्पत्तीची साक्ष प्रत्यक्ष बर्फच देतो. हिमस्तरातील कालगणना करणाऱ्याने खोली मोजण्यापूर्वी बर्फाचे कूळ तपासणे अवश्य आहे.