तेल खाणारे इंजिन : एका यांत्रिक दोषाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

मोटारीचा इतिहास आजवर बहुधा नव्या गाड्यांच्या आगमनाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणती गाडी कोणत्या वर्षी बाजारात आली, तिची अश्वशक्ती किती होती आणि तिने कोणाची मक्तेदारी मोडली, हे त्या लेखनाचे ठरलेले विषय होत. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात या दृष्टीवर आक्षेप घेतला. शोधाच्या क्षणापेक्षा वापराचा व देखभालीचा दीर्घ काळ इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. भारतासारख्या देशात एकेक मोटार वीस-पंचवीस वर्षे राबवली गेली. येथे हे प्रतिपादन विशेष लागू पडते. 'इंजिन ऑइल खाते' हे गॅरेजमधील नित्याचे निदान. प्रस्तुत निबंधात या दोषाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

दोष आणि मर्यादा

तेल मुळीच न जाळणारे इंजिन अस्तित्वात नाही, ही बाब प्रथमच स्पष्ट करणे आवश्यक आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होत असताना भिंतीवर तेलाचा अतिशय पातळ थर राहावाच लागतो. तो नसेल तर धातूवर धातू घासून इंजिन जाम होईल. पिस्टनवर सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरून ठेवतात आणि खालची जादा तेल खरवडून तळाच्या टाकीत परत पाठवते. चिरलेल्या धातूच्या रिंगेची कल्पना इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी मांडली व पुढे मोटारीने ती जशीच्या तशी उचलली. या रिंगांच्या पलीकडे राहून गेलेला थर प्रत्येक स्फोटात अंशतः जळतो. म्हणून इंजिन तेल जाळते की नाही, हा प्रश्न मुळातच चुकीचा ठरतो. खरा प्रश्न किती जाळते हा आहे, आणि 'किती'ची मर्यादा धातुशास्त्राने एकट्याने कधीच ठरवलेली नाही.

विमानविद्येच्या आरंभकाळातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. सेगँ बंधूंचे 'ग्नोम' हे फिरते इंजिन १९०९ नंतर युरोपात लोकप्रिय झाले. त्यात सिलिंडरांचे संपूर्ण कडेच गरगर फिरत असे आणि इंधनाचे मिश्रण तेलाच्याच कप्प्यातून जात असे. पेट्रोलमध्ये सहजी न विरघळणारे वंगण म्हणून एरंडेल वापरले जाई. ते एकदा आत गेले की परत येत नसे. जळून वा न जळता बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर उडे. तेथे तेल जाळणे हा दोष नव्हता, ती रचनाच होती. 'कॅस्ट्रॉल' हे व्यापारी नाव १९०९ मध्ये एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले, आणि त्या काळी एरंडाच्या बियांचा मोठा पुरवठा हिंदुस्थानातून होत असे. आपल्याकडील दोन-स्ट्रोक रिक्षा व स्कूटर यांचे वंगणही याच तत्त्वावर पेट्रोलमध्ये मिसळून जाळले जात होते. पुण्याच्या रस्त्यांवरील निळसर धूर हा कित्येक वर्षे बिघाडाचा नव्हे, तर सुस्थितीतील यंत्राचा धूर होता.

कुर्ल्याची गाडी आणि बोरिंगची संस्कृती

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट परवान्यावर बनलेली १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेची चार सिलिंडरची गाडी मुंबईच्या टॅक्सीचे पर्यायी नावच बनली. १९६४ पासून 'फियाट ११००', पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासून 'पद्मिनी' अशी तिची नावे बदलली. इंजिनाची मूळ जात तीच राहिली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी येथून काढता पाय घेतला होता. मुंबईत १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स त्यांतीलच एक. परिणामी ग्राहकापुढे दोन-तीन गाड्यांचाच पर्याय उरला. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि सुट्या भागांच्या दर्जाबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या, की १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र शासनाला मोटारींच्या दर्जाची चौकशी करणारी समिती नेमावी लागली.

नवी गाडी मिळणे जेथे दुर्घट, तेथे जुने इंजिन पुन्हा उभे करणे हाच व्यवहार्य मार्ग असतो. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी होत नाही. पिस्टन जेथे दिशा बदलतो त्या वरच्या टोकाशी ती सर्वाधिक असते. तेथे कड तयार होते, भोक अंडाकृती होते, रिंग भिंतीला नीट टेकत नाही आणि तेल वर चढते. कारागीर हे भोक २०, ४० वा ६० हजारांश इंचाने मोठे कापून त्या मापाचा पिस्टन बसवीत. हेच 'बोरिंग'. भिंत आणखी कापण्याजोगी उरली नाही, की आत लोखंडी स्लीव्ह ठोकून मूळ माप परत आणले जाई. एकाच ब्लॉकवर असे तीन-चार 'जन्म' होत. त्यापूर्वीची पायरी म्हणजे नुसत्या रिंगा बदलणे. झिजलेल्या भोकात नव्या रिंगा फार काळ टिकत नाहीत हे कारागिराला माहीत असे, आणि बऱ्याचदा गाडीमालकालाही.

निदानाची पद्धतही याच परंपरेत पक्की झाली. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक झोत सोडून शांत होत असेल, तर तेल वरून, वॉल्व्हच्या गाइडमधून वा त्यावरील रबरी सीलमधून उतरते आहे. चढावर, भार पडल्यावर धूर वाढत असेल तर दोष रिंगांचा. शंका राहिल्यास दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब पाहावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतून पुन्हा पाहावा. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा गेल्या, कारण ओतलेल्या तेलाने फट तात्पुरती बुजवली. न वाढल्यास वॉल्व्हकडे वळावे. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा व न विरणारा असेल तर पाणी. हे ज्ञान अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतही होते, परंतु गॅरेजमध्ये ते उस्तादाकडून पोऱ्याकडे तोंडी आणि हाताने गेले. त्याची लिखित नोंद फारशी झाली नाही, ही इतिहासलेखनाच्या दृष्टीने मोठी उणीव मानावी लागेल.

खर्च कोणाचा?

टॅक्सी व्यवसायाचे अर्थकारण लक्षात घेतल्यास दोष माहीत असूनही दुरुस्ती का लांबणीवर पडे, हे स्पष्ट होते. बोरिंगला एकरकमी पैसा लागतो आणि गाडी काही दिवस उभी राहते. त्या दिवसांत कमाई नाही. उलट पाव-अर्धा लिटर तेल रोज ओतणे परवडते, निदान परवडल्यासारखे वाटते. २०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० सारखे जाड तेल घातले तर झिजलेल्या फटीतून ते काहीसे कमी चढते आणि आणखी काही महिने निघतात. हा निर्णय अज्ञानातून नव्हे, तर हिशेबातून घेतला जात होता. मात्र त्या हिशेबात चौकात उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाची वा फुटपाथवर राहणाऱ्या मुलाची छाती धरलेली नव्हती.

कायद्यालाही हा धूर नीटसा दिसला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये सुरू झालेल्या पीयूसी तपासणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड, तोही इंजिन रिकामे चालू असताना, मोजला जाई; चारचाकीसाठी मर्यादा ३ टक्के होती. हायड्रोकार्बनची मोजणी २००४ पासून आली. धुराची गडदता मात्र फक्त डिझेलवाहनांची पाहिली जाते. चढावर निळा लोट सोडणारी पेट्रोल टॅक्सी त्यामुळे केंद्रावर सुखाने उत्तीर्ण होऊ शकत होती. १९९९ मध्ये 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम'ने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्या सुनावणीतून निघालेल्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळणे भाग पडले. या बदलाने शहराची हवा सुधारण्यास निश्चित हातभार लागला. परंतु इंधन बदलल्याने रिंगा बदलत नाहीत. झिजलेले इंजिन सीएनजीवरही तेल जाळतच राहते, इतकेच की त्याची चर्चा थांबते.

नव्या गाड्यांचा जुना प्रश्न

तेलाच्या ज्वलनाला १९९५ नंतर आणखी एक परिमाण प्राप्त झाले. त्या वर्षी १ एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले. वंगणातील झीजरोधक फॉस्फरस जळून कन्व्हर्टरवर बसतो व त्यास निकामी करतो. म्हणून अमेरिकेत ठरणाऱ्या तेलाच्या मानकांत फॉस्फरसची मर्यादा १९९६ मध्ये ०.१० टक्के व २००४ मध्ये ०.०८ टक्के अशी खाली आणली गेली. आता जळलेले तेल केवळ वाया जात नव्हते, तर प्रदूषणरोधक यंत्रणाच मारत होते.

दुसरीकडे इंधनबचतीसाठी रिंगांचा ताण कमी करण्यात आला. घर्षण घटले आणि तेल वर चढण्याचा धोका वाढला. टोयोटाच्या '२एझेड-एफई' या इंजिनाचे प्रकरण येथे पाहण्यासारखे आहे. पिस्टनमधील तेल परतण्याची छिद्रे अपुरी ठरून रिंगा काजळीने चिकटत. अमेरिकेतील ग्राहकांच्या तक्रारींनंतर कंपनीने तेथे वाढीव हमी देऊन सुधारित पिस्टन व रिंगा बसवून दिल्या. मात्र १,२०० मैलांत सुमारे एक लिटरहून अधिक तेल जळत असल्याचे तपासणीत सिद्ध झाले तरच. काही युरोपीय उत्पादकांच्या पुस्तिका तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप स्वाभाविक मानतात. कुर्ल्याच्या टॅक्सीचालकाने एवढ्या आकड्यावर गाडी गॅरेजला लावली असती. 'स्वाभाविक' हा शब्द येथे कंपनीचे उत्तरदायित्व कोठे संपते ते सांगतो, यंत्राची प्रकृती नव्हे.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईतील वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. तिच्या चालकाला रोज सकाळी बॉनेट उघडून डिपस्टिक फडक्याने पुसून पाहण्याची सवय होती. नंतरच्या काही महागड्या गाड्यांतून डिपस्टिकच काढून टाकण्यात आली असून तेलाची पातळी संवेदक पाहतो. अनेक साध्या गाड्यांत डिपस्टिक आहे, पण ती कोणी पाहत नाही. समोरचा लाल दिवा तेलाची पातळी नव्हे, तर दाब कमी झाल्याचे दाखवतो, आणि तो लागेपर्यंत बेअरिंगांना इजा पोहोचू लागलेली असते.