बातमीच्या पोटातली जाहिरात

कुरुळीत शेतजमिनी एमआयडीसीला लागून आल्या तशा घरोघरी भाड्याच्या खोल्या उठल्या. आमच्याही चार आहेत. 2009 साली त्यांतल्या एका खोलीत भोकरकडचा एक मुलगा राहत होता, चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. विधानसभेचे मतदान 13 ऑक्टोबरला झाले, पाठोपाठ दिवाळी आली. ती करून तो गावाहून परतला. फराळाच्या डब्यात तळाला वर्तमानपत्र घातलेले होते. मला कात्रणांचा नाद. तेलाचे डाग पडलेले ते पान मी पुसून वाळवले आणि मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाचा त्यावरचा मजकूर 'निवडणूक : बातम्या' या वहीत चिकटवला. त्याआधी काही दिवस इथल्याच एका दुसऱ्या दैनिकातले कात्रणही मी त्याच वहीत लावले होते.

नोव्हेंबरअखेर पी. साईनाथ यांचा लेख 'द हिंदू'त आला. चव्हाणांच्या नेतृत्वाची स्तुती करणारा एकच मजकूर लोकमत, महाराष्ट्र टाइम्स आणि पुढारी या तीन दैनिकांत शब्दशः छापून आल्याचे त्यांनी दाखवले होते. 'अशोकपर्व' या नावाने पुरवण्याही निघाल्या होत्या. स्तुतीची अशी किमान 47 पूर्ण पाने त्यांनी मोजली होती. कुठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता.

मी वही काढली आणि दोन्ही कात्रणांवर बोट ठेवून ओळ न ओळ वाचत गेलो. मजकूर तोच होता. माझ्याच हाताने मी ती दोन पानांच्या अंतराने डकवली होती, वर 'बातम्या' असे लिहून. पडताळणी हाच ज्याचा छंद, त्याच्याही हे ध्यानात आले नाही.

जाहिरातीतला दावा फुगवलेला असू शकतो, हे वाचक गृहीत धरून चालतो. पण जाहिरात बातमीचा सदरा घालून आली की वाचकाचा तो सावधपणाच काढून घेतला जातो. शिवाय खर्चाचा हिशेबही लपतो. तेव्हा विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 10 लाख रुपये होती. चव्हाणांनी दाखवलेल्या हिशेबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर अवघे 5,379 रुपये होते. पैसे देऊन मजकूर छापून घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला.

पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी आयोगाकडे तक्रार केली. अशा हिशेबाची चौकशी आयोग करू शकतो का, यावरच वाद गेला. करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2014 रोजी सांगितले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब योग्य रीतीने न दिल्याचा ठपका ठेवून नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. दरम्यान 2011 मध्ये, उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना याच स्वरूपाच्या खर्चावरून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले होते. म्हणजे हा गुन्हा पकडता येतच नाही, असे नाही.

मला जास्त खटकते ते वर्तमानपत्रांचे मौन. परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी प्रेस कौन्सिलसाठी 71 पानांचा अहवाल लिहिला, त्यात नावे होती. कौन्सिलने जुलै 2010 मध्ये त्रोटक अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल खुला व्हायला केंद्रीय माहिती आयोगाचा 2011 मधला आदेश लागला. राजकारण्यांच्या फायली फोडणारा धंदा स्वतःची फाईल मात्र बांधून ठेवत होता. पक्षपात म्हटले की आपण अग्रलेखाचा कल पाहतो. कोणती बातमी छापलीच नाही, हे पाहायचे राहून जाते.

आणि उघड जाहिरातीचे काय? 13 जून 2023 च्या पहिल्या पानांवर 'राष्ट्रमें मोदी, महाराष्ट्रमें शिंदे' ही जाहिरात झळकली. मुख्यमंत्रिपदासाठी एकनाथ शिंदे यांना 26.1 टक्के, देवेंद्र फडणवीस यांना 23.2 टक्के पसंती, असा सर्वेक्षणाचा दावा तीत होता. सर्वेक्षण कुणी केले, असे विरोधकांनी विचारले. जाहिरात हितचिंतकाने दिल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवशी फडणवीसांना सोबत घेणारी नवी जाहिरात आली. माझ्या वहीतली त्या आठवड्याची कात्रणे चाळली तर बहुतेक शाई मित्रपक्षांच्या रुसव्याफुगव्यांवर खर्च झालेली दिसते. किती माणसांना विचारले, कधी, कुठे, हे खोदून काढणारे एकही कात्रण त्यांत नाही. ज्या पानाचे पैसे मिळाले, त्या पानाची तपासणी करायची कुणी?

भोकरचा मुलगा पुढे खोली सोडून गेला. जाण्याआधी मी त्याला ती दोन कात्रणे दाखवली होती. तो म्हणाला, "काका, आम्ही तर पेपरात आलंय म्हणूनच खरं धरलं होतं."

आता वहीत मी दोन रकाने आखतो. डावीकडे निवडणुकीतली जाहिरात, उजवीकडे त्याच वर्तमानपत्राने तिच्यातल्या दाव्याची केलेली तपासणी. डावा रकाना भरला की नवी वही घ्यावी लागते. उजवीकडे कोरा कागद बराच उरतो.