बैल नसलेली लढाई

बेंगळुरूला पोस्टिंग आली की मराठी माणूस पहिल्या महिन्यातच शहाजीराजांची आठवण काढतो. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून हे शहर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. आज मला याच शहराची दुसरी एक गोष्ट सांगायची आहे, १७९१ सालची. तिला निमित्त झालं कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं.

सुट्टीच्या दिवशी आमची पोरं लॅपटॉपवर 'एज ऑफ एम्पायर्स' खेळतात. दुसरा भाग, १९९९ साली आलेला, २०१९ मध्ये नव्या रूपात पुन्हा काढलेला. मीही खेळतो. साताऱ्याकडचा एक पोरगा एकदा म्हणाला, "साहेब, हार्डच्या पुढे गाडी सरकतच नाही. कॉम्प्युटर चीटिंग करतो."

जुन्या आवृत्तीपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. तिथे सर्वांत कठीण पातळीवर कॉम्प्युटरला फुकटची सामग्री मिळायची. नव्या आवृत्तीत कॉम्प्युटर ती लबाडी न करता खेळतो आणि तरीही जिंकतो. का जिंकतो, ते समजलं की आपला खेळ सुधारतो.

सुरुवातीला हातात तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि थोडं अन्न-लाकूड असतं. एक नवा गावकरी तयार करायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. टाऊन सेंटर चार-साडेचार मिनिटं रिकामं राहिलं की दहा गावकरी कमी झाले, म्हणजे दहा जणांची शेती, लाकूड आणि सोनं गेलं. तरुण पोरं लढाई बघत बसतात आणि मागे टाऊन सेंटर रिकामं पडतं. कॉम्प्युटरला लढाई बघायची हौस नसते. तो दर वेळी गावकरी काढतो, घरं वेळेवर बांधतो, एकालाही रिकामं बसू देत नाही. सैन्य भिडण्याआधीच निम्मी लढाई तो मागच्या बाजूला जिंकलेला असतो.

म्हणून सुधारायचे नियम साधे आहेत. गावकरी थांबू द्यायचे नाहीत. पहिला घोडेस्वार नकाशाभर फिरवून शत्रू काय बांधतोय ते बघायचं. सैन्याच्या तुकड्यांना आकडे द्यायचे, म्हणजे एका बटणावर तुकडी हाताशी येते. हरलेल्या डावाचं रेकॉर्डिंग पुन्हा बघायचं आणि आपण कुठे हरलो हे शोधताना शेवटच्या लढाईकडे न बघता पहिली दहा मिनिटं तपासायची. एवढं केलं तर महिन्याभरात एक पातळी वर जाता येतं.

इथवर खेळ चांगला मास्तर आहे. त्याचा वंशही सैनिकी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातला एक तरुण अधिकारी, गेओर्ग फॉन राइसवित्स, याने नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा खेळ वरिष्ठांना दाखवला. मध्ये एक पंच असे. आपल्या तुकड्यांना जेवढं दिसेल तेवढंच पंच त्या बाजूच्या खेळाडूला सांगे. १९९२ च्या 'ड्यून २' या खेळातला काळा, न पाहिलेला नकाशा म्हणजे त्या पंचाचंच काम, फक्त ते कॉम्प्युटर करतो.

आता १७९१ कडे येऊ. के. आर. मार्केटजवळ बेंगळुरूच्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा अजून उभा आहे. हैदरअलीने हा किल्ला दगडात बांधून घेतला होता. कुठल्या खिंडारातून इंग्रज आत शिरले हे सांगणारी पाटी तटावर आहे. टिपूविरुद्ध इंग्रज, मराठे आणि निजाम एकत्र होते. ७ मार्चला लॉर्ड कॉर्नवॉलिसने पेठ घेतली, २१ मार्चच्या रात्री किल्ला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला.

मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणकडे निघाला. टिपूने वाटेवरचं धान्य आणि चारा जाळून टाकला होता. सोबत निजामाचं मोठं घोडदळ होतं. त्याने टेहळणी कमी केली आणि चारा जास्त खाल्ला. १५ मे रोजी अरकेरे इथे लढाई झाली आणि कॉर्नवॉलिस ती जिंकलाही. पण तोफा ओढणारे बैल मरत होते. पावसाने वाटा भिजल्या होत्या. कन्नंबाडीकडे, जिथे आज कृष्णराजसागर धरण आहे, जड तोफा शिपायांना हाताने ओढाव्या लागल्या. शेवटी वेढ्याच्या त्या तोफा त्याने स्वतःच नष्ट केल्या आणि २६ मे रोजी रिकाम्या पोटाचं सैन्य घेऊन बेंगळुरूची वाट धरली. समोरासमोरच्या लढाईत न हरलेलं सैन्य परत फिरलं.

त्याच दिवशी समोर घोडेस्वार दिसले. इंग्रजांना ते टिपूचे वाटले आणि त्यांनी लढायची तयारी केली. ते निघाले मराठे. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा अगदी जवळ आल्या होत्या. पण त्यांचे निरोप घेऊन येणारे जासूद टिपूच्या हलक्या घोडदळाने वाटेतच अडवले होते. कॉर्नवॉलिसला मित्र कुठे आहेत हे ठाऊकच नव्हतं. चार दिवस आधी निरोप पोहोचता, तर कदाचित त्या तोफा वाचल्या असत्या. मराठ्यांच्या छावणीत बाजार भरलेला होता. भाव चढे होते, पण धान्य होतं. उपाशी सैन्य त्या बाजारावर जगलं.

या जागी कॉम्प्युटरचा खेळ अपुरा पडतो. खेळात धान्य एकदा कोठारात पडलं की ते सगळीकडे असतं. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला तुमचा शिपाई कधी उपाशी राहत नाही. घोडा चारा मागत नाही, तोफेला बैल लागत नाहीत, पाऊस वाट अडवत नाही. आणि मित्राला जे दिसतं ते तुम्हालाही दिसू लागतं, मध्ये जासूद मारला जात नाही. टिपूने ज्या दोन गोष्टींवर ती मोहीम परतवली, चारा आणि निरोप, त्या दोन्ही खेळातून वगळलेल्या आहेत.

मित्राच्या मनातही स्वतःचं गणित असतं. परशुरामभाऊंनी श्रीरंगपट्टणच्या दुसऱ्या मोहिमेत पश्चिमेकडून यावं अशी अपेक्षा होती. ते शिमोग्याच्या बाजूला, बिदनूरच्या संपन्न मुलखाकडे वळले. १७९२ च्या फेब्रुवारीत श्रीरंगपट्टणवर रात्रीचा हल्ला झाला तेव्हा ते तिथे पोहोचलेले नव्हते. आपल्याकडे याबद्दल भाऊंना कुणी दोष देतं, कुणी त्यांची बाजू घेतं. शिपायाने एवढंच लक्षात ठेवावं की मित्रसैन्य आपल्या बटणावर चालत नसतं.

कॉर्नवॉलिसने मात्र हरलेला डाव नीट तपासला, असं पुढच्या महिन्यांकडे बघून म्हणता येतं. त्याने लगेच पुन्हा धाव घेतली नाही. जुलैत होसूर घेतलं, ऑक्टोबरमध्ये नंदीदुर्ग, डिसेंबरमध्ये सावनदुर्ग. आज बेंगळुरूचे लोक रविवारी सूर्योदय बघायला नंदीला आणि चढाईला सावनदुर्गला जातात. तेव्हा हे डोंगर रसदेच्या वाटांवर टेहळणी करत उभे होते. ते मागे ठेवून पुढे जाणं म्हणजे पुन्हा उपासमार. धान्यासाठी त्याने बंजाऱ्यांचे तांडे हाताशी धरले. हजारो बैलांवर धान्य लादून सैन्यामागे चालणं हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा होता. पुढच्या फेब्रुवारीत तो श्रीरंगपट्टणला पोहोचला तेव्हा मागची वाट त्याच्या ताब्यात होती. मार्चमध्ये तह झाला. टिपूने अर्धा मुलूख आणि ३ कोटी ३० लाख रुपये कबूल केले, दोन मुलगे ओलीस दिले.

खेळाडूने हरलेला डाव बघावा तो असा. चूक अरकेरेच्या रणात नव्हती, ती आधीच्या कोरड्या वाटेवर होती.

कॉम्प्युटरविरुद्धच्या सरावाचा आणखी एक धोका आहे. आपण शत्रूची सवय पाठ करतो आणि तिलाच कौशल्य समजतो. हे उलट्या बाजूनेही घडलेलं आहे. डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या प्रोग्रामने 'स्टारक्राफ्ट २' मध्ये दोन व्यावसायिक खेळाडूंना दहाच्या दहा डावांत हरवलं. जानेवारी २०१९ मध्ये मग मॅना या नावाने खेळणाऱ्या पोलिश खेळाडूशी त्याचा एक डाव थेट प्रक्षेपित झाला. मॅनाने एका वाहतूक यानातून थोडे सैनिक पाठवून मागून टोचणं सुरू केलं. यान आलं की प्रोग्रामचं सगळं सैन्य माघारी धावे, यान गेलं की पुढे येई. पुन्हा यान, पुन्हा माघार. मॅना तो डाव जिंकला. मोठी फौज मागच्या टोचणीने हैराण होते, हे गनिमी काव्याच्या मुलखातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उद्या ही पोरं सेक्शन आणि प्लाटून सांभाळणार आहेत. चढावर निघालेल्या दहा जणांचं पाणी, दारूगोळा आणि राशन कुठून येणार, हे त्यांना आधी सुचलं पाहिजे. सैन्याला राशन पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचं सेंटर आणि कॉलेज याच शहरात आहे. जिथून निघालेल्या सैन्याचे बैल वाटेत मेले, तिथेच आज रसदेचं शिक्षण मिळतं, याची मला गंमत वाटते.

म्हणून आम्ही खेळात स्वतःचा एक नियम घातला आहे. आपल्या प्रदेशापासून दूर गेलेल्या तुकडीच्या मागची वाट मोकळी नसेल, वाटेवर आपली चौकी नसेल, तर पाच मिनिटांत तुकडी मागे आणायची. कॉम्प्युटर हा नियम पाळत नाही, त्याला उपास ठाऊक नाही. त्यामुळे डाव लांबतात आणि जिंकणं अवघड होतं. पण परवा दोघांचं भांडण चाललं होतं ते कुठला घोडा चांगला यावर नव्हतं. आधी कुठल्या वाटेवर चौकी बसवायची, यावर होतं. मी मध्ये पडलो नाही.