बार्शी, व्हिनेगर आणि आशाताईंचा फॉर्म

बारामती-इंदापूरच्या गावांत आशाताई घरोघर जाऊन तिशी ओलांडलेल्यांचा एक फॉर्म भरतात. तोंडातली जखम दोन आठवडे झाले तरी भरली नाही का? छातीत गाठ लागते का? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी गावपातळीवर न्यायचे ठरवले, तेव्हा हा कागद दिल्लीहून आला. त्याचे मूळ मात्र जवळ आहे. इंदापूर सोडून भीमा ओलांडली की टेंभुर्णी, मग कुर्डुवाडी, मग बार्शी.

मुंबईत कॅन्सरची नोंदणी १९६३ पासून होती. ती रुग्णालयांतून मिळणाऱ्या माहितीवर चालायची. खेड्यातला माणूस दुखणे अंगावर काढणारा, तो रुग्णालयापर्यंत पोचणार कधी आणि मोजला जाणार कधी? १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तेव्हा बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाशी जोडलेल्या माणसांना गावोगाव फिरून, लक्षणे समजावून सांगत रुग्ण शोधावे लागले. मोजायला गेलेली माणसे शिकवू लागली. काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर असलेल्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येताना दिसल्या. ना यंत्र, ना औषध; नुसत्या बोलण्याचा हा परिणाम.

याच ओळखीच्या जोरावर १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था एकत्र आल्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप चाचणी, तिसऱ्याची व्हिनेगरची आणि चौथ्याला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवल्यावरून पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

पण आशाताईंचा फॉर्म भरल्यावर बाईला पाठवायचे ते व्हिनेगरच्या तपासणीला. चार-पाच टक्क्यांचे ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या या तपासणीने मृत्यू ठळकपणे घटले नव्हते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मात्र ती दर दोन वर्षांनी, चार वेळा केली गेली. करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायका. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्वस्त चाचणी घ्यायची तर ती पुन्हापुन्हा करायला हवी, असा माझ्या मते त्याचा अर्थ. सरकारने स्वस्त चाचणी घेतली आणि अंतर ठेवले पाच वर्षांचे.

तोंडाच्या कॅन्सरची हकिगत वेगळी. बारामतीत ती कुणाला नवी नाही. शरद पवारांना २००४ मध्ये हा आजार झाला आणि पुढे त्यांनी सुपारी-तंबाखूच्या सवयीबद्दल जाहीरपणे सांगितले. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, टपऱ्यांवर ती किती दिसते ते सगळे जाणतात. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, मात्र बंदीत नाही आणि ती लावणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला सहज ‘नाही’ म्हणते.

फॉर्मच्या या वंशावळीतून एक फांदी सुटली आहे. दिवाळीच्या सुमारास बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांच्या भागात कोप्या टाकतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असे सांगून पिशवी काढल्याचे त्यांतल्या अनेकींचे म्हणणे होते. कॅन्सरची भीती त्यांच्यापर्यंत तपासणीच्या आधी पोचली. आशाताईंची यादी गावातल्या घरांवरून होते. हंगामात या बायका आपल्या घरी नसतात आणि इथल्या यादीत त्यांचे घर नसते. कोयत्यागणिक, म्हणजे जोडप्यागणिक, त्यांची पक्की नोंद असते ती मुकादमाच्या उचलीच्या वहीत.