टेप चालू ठेवा, हर्कस बाई शिकताहेत

साल 1965. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीचा काठ, टळटळीत दुपार. बोलायला तोंड उघडलंत की माशी आत जाते, म्हणून तुम्ही गप्प आहात. मांडीवर टेप रेकॉर्डर. चकत्या नीट फिरताहेत ना, एवढंच पाहायचं काम तुमच्याकडे आहे. रेड गमच्या झाडाच्या सावलीत एक आजोबा खोक्यावर बसलेत आणि त्यांच्यासमोर वही घेऊन चाळिशीला टेकलेल्या एक बाई.

आजोबा शब्द म्हणतात. बाई तो म्हणून दाखवतात. आजोबा मान हलवतात, पुन्हा म्हणतात. बाई पुन्हा प्रयत्न करतात. तुम्ही कान टवकारता, कारण यात चक्क 'ण' आहे, 'ळ' आहे! जीभ टाळूकडे वळते आहे. मागच्या शतकात पाद्री आणि साहेब लोकांनी केलेल्या शब्दांच्या याद्यांत असे भेद बरेचदा पुसले गेले होते. बाईंचे कान मात्र संस्कृत-प्राकृतात मुरलेले आहेत.

व्हिक्टोरिया राज्यातल्या आदिवासी भाषा संपल्या, असं जाणकार धरून चालले आहेत. या बाईंनी, लुईझ हर्कस यांनी, ते मानलेलं नाही. गावोगाव फिरून, कोणाची आजी, कोणाचा मामा अजून बोलतो ते विचारत त्या इथवर आल्या आहेत. चार वर्षांनी, 1969 साली, यातून व्हिक्टोरियाच्या भाषांवरचं त्यांचं पुस्तक निघेल.

टेप बदलताना त्यांची हकिकत कळते. जन्म 1926, म्युनिक. वडील आल्फ्रेड श्वार्झशिल्ड चित्रकार. काका कार्ल श्वार्झशिल्ड खगोलशास्त्रज्ञ. आईनस्टाईनच्या समीकरणांची त्यांनी काढलेली उकल कृष्णविवरांच्या अभ्यासाचा पाया ठरली. घर ज्यू. नाझींच्या काळात जर्मनी सोडून ते इंग्लंडला आलं. तिथे ऑक्सफर्ड, मग माहेरच्या नावाने प्राकृत आणि अपभ्रंशावरचे लेख. हिंदीतलं 'नहीं' कुठून कसं आलं यावरसुद्धा. 1954मध्ये त्या ऑस्ट्रेलियात आल्या.

आता दहा वर्षं पुढे या. 1975, कॅनबेरा, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी. याच विद्यापीठात ए. एल. बाशम आहेत, 'द वंडर दॅट वॉज इंडिया'वाले. बौद्धविद्येचे जे. डब्ल्यू. द योंग आहेत. आणि फळ्यापाशी संस्कृत शिकवायला हर्कस बाई. तुम्ही मागच्या बाकावर बसता. शाळेत रामरक्षा आणि सुभाषितं पाठ केलेली असल्यामुळे उगीच ऐट वाटते, पण धातुरूपं विचारली गेली की ती उतरते. सुट्टी लागेपर्यंत बाई संस्कृतच्या. सुट्टी लागली की गाडी वाळवंटाकडे वळते, आणि शिकवणाऱ्या बाई तिथे विद्यार्थिनी होतात.

तुम्हीही बसा गाडीत. रस्ता हजार किलोमीटरहून कितीतरी लांब. हिरवं संपतं, मग डांबर संपतं, मग तांबडी धूळ दातांत करकरू लागते. लेक एअरचा हा मुलूख अराबना आणि वांगकांगुरू लोकांचा. बाईंचे इथले गुरू म्हणजे मिक मक्लेन इरिन्यिली. सिम्पसन वाळवंटात, वाळूच्या समांतर टेकड्यांच्या मधोमध जन्मलेले. विसाव्या शतकाच्या तोंडावर वांगकांगुरू माणसं ते वाळवंट सोडून बाहेर आली, तेव्हा ते लहान होते.

शेकोटीपाशी ते बोलू लागतात आणि तुम्हाला हळूहळू उलगडतं की हा नकाशाच आहे. कोणत्या टेकडीमागे कोणती 'मिकिरी', म्हणजे हातांनी खोल खणलेली अरुंद विहीर; तिच्या जागेची कथा कोणाची, गाणं कोणतं. पाऊस नसेल तेव्हा या विहिरींवाचून वाळवंटात राहणं अशक्यच. नाव विसरलं तर वाट चुकली, वाट चुकली तर पाणी गेलं. म्हणून बाई नुसते शब्द टिपत नाहीत. गाणं, जागा आणि नातं यांच्यासकट टिपतात.

मिक 1977मध्ये गेले. त्या विहिरींपैकी नऊ 1886 साली डेव्हिड लिंडसे या भूमापकाने वांगकांगुरू वाटाड्याच्या मदतीने पाहिल्या होत्या. पुढे त्यांचा माग हरवला आणि 1983च्या सुमारास पुन्हा लागला. 1986मध्ये बाईंनी फिलिप क्लार्क यांच्यासह या नऊ विहिरींवर शोधलेख लिहिला. वाळूतल्या त्या खड्ड्यांना मिक यांच्या आठवणींनी पुन्हा नावगाव मिळालं.

1994मध्ये अराबना-वांगकांगुरूचं व्याकरण येतं, 1995मध्ये ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय सन्मान. बाई निवृत्त झाल्यात, पण घरी बसल्या नाहीत. कॅनबेराजवळच्या शेतावर आईवेगळी वोंबॅटची पिल्लं वाढवायची आणि जमेल तेव्हा पुन्हा वाळवंट गाठायचं. 2016मध्ये सहकारी आणि अभ्यासक त्यांना गौरवग्रंथ अर्पण करतात. एप्रिल 2018मध्ये, 92व्या वर्षी त्या गेल्या.

आता आजच्या कॅनबेरात उतरा. आदिवासी अभ्यासाच्या राष्ट्रीय संस्थेत त्यांच्या शेकडो तासांच्या फिती जपलेल्या आहेत. हेडफोन लावा. समजा, तुमच्या शेजारी एक अराबना मुलगी बसली आहे, पणजोबांची भाषा शिकणारी. तुम्हा दोघांच्या कानांत म्हाताऱ्या माणसाचा आवाज येतो, मग बाईंचा. तो शब्द म्हणतो. त्या म्हणून दाखवतात, चुकतात. तो दुरुस्त करतो, त्या पुन्हा म्हणतात.

नुसता शब्दकोश हाती असता तर त्या मुलीला बरोबर उच्चाराची खूण तेवढी मिळाली असती. चूक कशी होते आणि ती कशी सुधारायची, हे मात्र या फितीवरच ऐकू येतं. संस्कृतच्या प्राध्यापक बाईंनी आपलं चुकणं कापून टाकलं नाही, म्हणून त्यांच्या गुरूला मरणानंतरही विद्यार्थी मिळताहेत. मुलगी फीत मागे घेते आणि तोच शब्द मोठ्याने म्हणते. जमला नाही. ती पुन्हा म्हणते. तुम्हीही म्हणा; 'ळ' तर तुम्हाला येतोच.